‘नॅरो’ म्हणजे नुसते ‘अरुंद’ नव्हे

पाचोरा स्थानकात जवळजवळ शंभर वर्षे दोन मापांचे रूळ शेजारी शेजारी नांदले. एका बाजूने मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावरील गाड्या धडधडत जात. दुसऱ्या बाजूला जामनेरला निघणारी छोटी गाडी उभी असे. पहिल्या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलीमीटर, दुसऱ्याचे ७६२. पाचोरा-जामनेर या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून खानदेशात ‘पीजे’ म्हणून ओळखली जाणारी ही गाडी ‘नॅरोगेज’ होती. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या तोंडीही हा शब्द सहज असे. ‘नॅरो’ हे इंग्रजीतील एक अतिशय जुने विशेषण अशा रीतीने रेल्वेच्या डब्यात बसून वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशी स्थानके घेत जामनेरपर्यंत पोहोचले आणि मराठीचेच होऊन गेले.

या शब्दाचा अर्थ विचारला तर बहुतेक जण ‘अरुंद’ असे उत्तर देतील. उत्तर चूक नाही. पण अपुरे आहे. इंग्रजीत हे विशेषण रस्त्याला लागते तसे विजयाला लागते, मनाला लागते तसे कायद्याच्या अर्थालाही लागते. प्रत्येक ठिकाणी ‘अरुंद’ लिहू गेल्यास मराठी वाक्य लंगडे पडते. या शब्दाचा उगम, त्याच्या अर्थच्छटा, त्याला मराठीत असलेले पर्याय आणि रेल्वेच्या निमित्ताने त्याला आलेले विशेष महत्त्व यांचा हा परिचय.

उगम आणि घडण

‘नॅरो’ हा इंग्रजीने लॅटिन किंवा फ्रेंचमधून घेतलेला शब्द नाही. तो मूळचा जर्मानिक कुळातला आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘नेआरू’ असे होते. त्याच्या विभक्तिरूपांत येणारा ‘व’ हा वर्ण पुढे मऊ होत गेला आणि शेवटी ‘ओ’ असा उच्चार राहिला. ‘स्पॅरो’ (चिमणी), ‘ॲरो’ (बाण), ‘शॅडो’ (सावली) या शब्दांचे शेवटही याच वाटेने घडले आहेत.

त्या काळी या शब्दाचा अर्थ केवळ मापाचा नव्हता. कमी रुंदीचे ते ‘नेआरू’ होतेच. शिवाय दडपून टाकणारे, कठोर, श्वास कोंडणारे तेही ‘नेआरू’ होते. डच भाषेत या शब्दाचा भाऊबंद ‘नार’ म्हणून आजही वापरात आहे आणि त्याचा अर्थ ‘नकोसा, वाईट, उदासवाणा’ असा होतो. म्हणजे एकाच मुळाच्या दोन फांद्यांपैकी इंग्रजीने माप राखले आणि डचने त्या मापाने होणारी घुसमट राखली.

जागा कमी पडली की जीव घाबरा होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून अनेक भाषांत ‘कमी रुंदी’ आणि ‘दुःख’ या दोन्ही अर्थांचे शब्द एकाच मुळातून निघालेले दिसतात. जर्मन भाषेत अरुंदला ‘एंग’ म्हणतात आणि धास्तीला ‘आंग्स्ट’. लॅटिनमधील ‘अंगुस्तुस’ म्हणजे अरुंद. त्याच कुळातून इंग्रजीत ‘अँग्विश’ (यातना) आणि ‘अँग्झायटी’ (चिंता) हे शब्द आले. छातीत कळ येते त्या विकाराचे ‘अंजायना’ हे नावही याच घराण्यातले. आणि हे घराणे आपल्याला परके नाही. वेदकालीन संस्कृतात ‘अंहु’ म्हणजे अरुंद आणि ‘अंहस्’ म्हणजे संकट, क्लेश, पाप. त्याच्या उलट शब्द ‘उरु’, म्हणजे विस्तीर्ण. विष्णूला वेदांत ‘उरुक्रम’, ‘उरुगाय’ म्हटले आहे, ते विस्तीर्ण पावले टाकणारा म्हणून. तीन पावलांत विश्व व्यापणारा तो त्रिविक्रम. आणि त्या त्रिविक्रमाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेली शेंदुर्णी याच नॅरोगेज मार्गावर आहे, हा योगायोग गमतीचा म्हणायचा.

मराठीतले सगेसोयरे

‘संकट’ हा आपला रोजचा शब्द. परंतु संस्कृतात ‘संकट’ हे मुळात विशेषण आहे आणि त्याचा पहिला अर्थ ‘आक्रसलेले, अरुंद’ असाच आहे. अरुंद वाट ती संकट वाट. तिच्यातून जाताना येणारी अडचण तेही संकट. प्राकृतात त्याचे ‘संकड’ झाले. त्यापासून गुजरातीत ‘साँकडुं’ हा शब्द आला आणि तो आजही ‘अरुंद’ याच अर्थाने चालतो. मराठीत त्याचे ‘साकडे’ झाले. मात्र आपण त्यातील रुंदी-अरुंदी विसरलो आणि अडचण तेवढी ठेवली. देवाला साकडे घालणारा भक्त मूळ अर्थाने पाहता आपली चिंचोळी वाट देवापुढे मांडत असतो.

फारसीतून आलेला ‘तंग’ हा दुसरा शब्द. त्याचाही मूळ अर्थ अरुंद, आवळ. मराठीत कपडे तंग होतात, वातावरण तंग होते आणि महिनाअखेरीस पैशाची तंगी होते. इंग्रजीतही जुन्या लेखनात गरिबीच्या परिस्थितीला ‘नॅरो’ हे विशेषण लावलेले आढळते. तेथे ‘ओढगस्तीची परिस्थिती’ किंवा ‘तंगी’ हाच मराठी अनुवाद योग्य. ‘अरुंद परिस्थिती’ असे म्हटल्यास कोणालाही अर्थबोध होणार नाही.

आता प्रत्यक्ष ‘अरुंद’ या शब्दाकडे पाहू. ‘रुंद’ हा प्राकृतातून आलेला शब्द. त्याचा अर्थ विपुल, विस्तृत. त्याला नकारार्थी ‘अ’ जोडून ‘अरुंद’ झाला. म्हणजे जे रुंद नाही ते अरुंद. इंग्रजी आणि मराठी शब्दांतील महत्त्वाचा भेद येथे आहे. ‘नॅरो’ हा स्वतंत्र, होकारार्थी शब्द आहे. त्याला ‘ब्रॉड’च्या आधाराची गरज नाही. ‘अरुंद’ या शब्दात मात्र कशाचा तरी अभाव घडणीतच बसलेला आहे. जी गोष्ट रुंद असायला हवी होती पण झाली नाही, असा सूर त्यातून आपोआप निघतो. ‘अरुंद पूल’ अशी पाटी वाचली की पूल रुंद हवा होता, असे मनात येतेच.

हा सूर नको असेल तेव्हा मराठीत दुसरे शब्द आहेत. लांबी पुष्कळ आणि रुंदी थोडी अशी जमीन, खोली किंवा गल्ली असेल तर ‘चिंचोळी’. एका टोकाकडे कमी कमी होत जाणारी वस्तू असेल तर ‘निमुळती’. दोन घरांमधली वाट असेल तर ‘बोळ’. दोन डोंगरांमधली असेल तर ‘खिंड’. दोन भूभागांमधील समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीला ‘सामुद्रधुनी’. बोळ, खिंड, सामुद्रधुनी या नामांत अरुंदपणा आधीच आलेला असल्याने त्यांना वेगळे विशेषण लावण्याची गरजच पडत नाही.

कापडाच्या दुकानात तर ‘अरुंद’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तेथे कापडाच्या रुंदीला ‘पन्हा’ म्हणतात. गिऱ्हाईक ‘पन्हा किती?’ असे विचारते आणि दुकानदार ‘हे कमी पन्ह्याचे आहे, कापड जास्त लागेल’ असे सांगतो. वस्त्रोद्योगात फिती, नाड्या, पट्टे यांसारख्या मालाला इंग्रजीत ‘नॅरो फॅब्रिक’ म्हणतात. खानदेशासारख्या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातील वाचकांनी हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे : कमी पन्ह्याचे कापड वेगळे आणि मुळातच पट्टी म्हणून विणलेला माल वेगळा.

अर्थच्छटा आणि त्यांचे अनुवाद

‘नॅरो’चे आजच्या इंग्रजीतील प्रमुख उपयोग ढोबळमानाने पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला उपयोग प्रत्यक्ष मापाचा. रस्ता, नदी, पूल, दार, जिना, खाट यांची आडवी रुंदी कमी असणे. येथे ‘अरुंद’ किंवा ‘चिंचोळा’ चालतो. लक्षात ठेवायचे ते इतकेच की हे विशेषण जाडीला लागत नाही. पुस्तक, कागद, भाकरी यांची जाडी कमी असेल तर इंग्रजीत ‘थिन’ म्हणावे लागते आणि मराठीत ‘पातळ’. माणूस अंगाने बारीक असेल तर त्यालाही ‘नॅरो’ म्हणत नाहीत. माणसाला ते विशेषण लावले की बोलणे त्याच्या मनाविषयी आहे असे ऐकणारा समजतो. खांदे किंवा कंबर यांना मात्र ते लागू शकते, कारण तेथे आडव्या मापाचाच विचार असतो.

दुसरा उपयोग थोडक्या फरकाचा. निवडणुकीत किंवा क्रिकेटच्या सामन्यात अगदी कमी फरकाने जिंकणे यासाठी मराठीत ‘निसटता विजय’ हा उत्तम शब्दप्रयोग रूढ आहे. कायदेमंडळात एक-दोन सदस्यांचे बहुमत असेल तर ते ‘काठावरचे बहुमत’. अपघातातून जेमतेम सुटका झाली तर ‘थोडक्यात बचावले’. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘नॅरो’च असते, पण मराठीत तिन्ही ठिकाणी वेगळा शब्द येतो आणि तोच स्वाभाविक वाटतो.

तिसरा उपयोग मनाचा. ज्याला स्वतःच्या पलीकडचे दिसत नाही, अशा माणसाला ‘नॅरो-माइंडेड’ म्हणतात. मराठीत यासाठी ‘कोत्या मनाचा’ आणि ‘संकुचित वृत्तीचा’ असे दोन पर्याय आहेत. दोन्हींच्या मागील कल्पना मात्र भिन्न आहेत. ‘कोता’ हा फारसी ‘कोताह’ म्हणजे आखूड या शब्दावरून आला. त्यात लांबी कमी पडली आहे. ‘संकुचित’ म्हणजे मिटलेले, आक्रसलेले. जे एकेकाळी उमललेले होते ते मिटले, अशी कल्पना त्यात आहे. रात्री कमळ संकुचित होते ते याच अर्थाने. जन्मतः कोत्या मनाचा आणि परिस्थितीने संकुचित झालेला, असा भेद मराठी लेखकाला करता येतो. इंग्रजीतील या एका विशेषणात तो दिसत नाही.

चौथा उपयोग मर्यादित अर्थाचा. एखाद्या शब्दाचा व्यापक अर्थ आणि ‘नॅरो’ अर्थ असे इंग्रजीत म्हणतात. येथे ‘मर्यादित अर्थ’ म्हणावे. कायद्याच्या भाषेत कलमाचा अर्थ शब्दांबाहेर न जाता लावणे यालाही हे विशेषण येते. तेथे ‘काटेकोर अर्थ’ अधिक नेमका. यात निंदा नाही. शिक्षेची तरतूद असलेल्या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावावा, संशयाचा फायदा आरोपीला मिळावा, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे. अशा जागी ‘संकुचित अर्थ’ असे लिहिले तर न्यायालयाने काही चूक केली, असा ग्रह वाचकाचा होईल.

पाचवा उपयोग बारकाईचा. जुन्या इंग्रजी लेखनात अगदी जवळून, डोळ्यांत तेल घालून केलेल्या तपासणीला ‘नॅरो’ म्हटलेले आढळते. आता हा उपयोग मागे पडला आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील कादंबरी किंवा सरकारी अहवाल वाचताना तो भेटला तर ‘कसून’, ‘बारकाईने’ असा अर्थ घ्यावा.

क्रियापद म्हणूनही हा शब्द चालतो. नदीचे पात्र पुढे चिंचोळे होत जाते. पुष्कळ अर्जांतून निवड करीत चार-पाचच उरतात. या दोन्ही क्रियांना इंग्रजीत हेच क्रियापद लावता येते. मराठीत पहिल्यासाठी ‘निमुळते होणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘चाळणी लावणे’ किंवा ‘निवडत आणणे’.

‘नॅरो’ जेथे बरे ठरते

अरुंद ते कमी प्रतीचे, असा समज या शब्दाभोवती सहज तयार होतो. तो नेहमीच खरा नसतो. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात जीवनाकडे नेणारी वाट अरुंद सांगितली आहे आणि त्यावरूनच सन्मार्गाला लागणे या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार रूढ झाला.

वैद्यकातही तसेच आहे. प्रतिजैविकांचे ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ व ‘नॅरो स्पेक्ट्रम’ असे दोन गट सांगतात. पहिल्या गटातील औषधे नाना प्रकारच्या जंतूंवर चालतात. दुसऱ्या गटातील मोजक्याच जंतूंवर. आजाराचा जंतू निश्चित कळला असेल तर शक्यतो दुसऱ्या गटातील औषध द्यावे, असे डॉक्टर मानतात. कारण त्यामुळे शरीरातील उपकारक जंतू वाचतात आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची वाढ कमी होते. येथे ‘नॅरो’ म्हणजे ‘नेमके लक्ष्य साधणारे’.

अर्थशास्त्रातील ‘नॅरो मनी’ तर केवळ व्याख्येचा भाग आहे. लोकांच्या हातातील रोकड, बँकांतील मागताक्षणी मिळणाऱ्या ठेवी आणि रिझर्व्ह बँकेकडील इतर ठेवी मिळून ‘एम१’ होतो. तो ‘नॅरो मनी’. त्यात मुदत ठेवी मिळविल्या की ‘एम३’ होतो. तो ‘ब्रॉड मनी’. येथे ‘संकुचित पैसा’ हा अनुवाद हास्यास्पद ठरेल. वृत्तपत्रीय लेखनात ‘मर्यादित व्याख्येनुसार पैसा’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर मूळ संज्ञाच ठेवावी.

एक सावधगिरी

हिंदीत ‘संकीर्ण’ हा शब्द अरुंद आणि कोता या दोन्ही अर्थांनी चालतो. हिंदी वृत्तसंस्थांच्या मजकुरावरून घाईने भाषांतर करताना तो तसाच मराठीत उतरतो आणि ‘संकीर्ण मनोवृत्ती’ असे छापले जाते. मराठीत ‘संकीर्ण’ म्हणजे मिश्र, किरकोळ, विविध. हिशेबाच्या वहीतील ‘संकीर्ण खर्च’ म्हणजे किरकोळ बाबींचा एकत्र खर्च. संगीतात शुद्ध, छायालग आणि संकीर्ण असे रागांचे प्रकार सांगतात, तेथे संकीर्ण म्हणजे अनेक रागांच्या मिश्रणातून झालेला. संकीर्ण वृत्तीचा माणूस मराठी अर्थाने पाहता कोत्या मनाचा नसून नाना गोष्टींत रस असलेला ठरेल.

व्याकरणाच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मराठीतील आकारान्त विशेषणे नामाप्रमाणे बदलतात : चिंचोळा रस्ता, चिंचोळी गल्ली, चिंचोळे दार. ‘अरुंद’ बदलत नाही आणि ‘नॅरो’ही बदलत नाही. न बदलणारे विशेषण परभाषेतून आले तरी वाक्यात सहज बसते. ‘नॅरो’ हा शब्द लिहिताना मराठीत ‘ॅ’ ही खूण वापरतात. हिंदीत तोच शब्द ‘नैरो’ असा लिहितात.

रेल्वेची ‘नॅरो’

हे विशेषण भारतीय माणसाच्या तोंडी आले ते मुख्यतः रेल्वेमुळे. दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला ‘गेज’ म्हणतात. हे अंतर किती असले म्हणजे त्याला ‘नॅरो’ म्हणावे, याचे उत्तर देश आणि काळ यांप्रमाणे बदलत आले आहे.

इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात दोन मापांचा झगडा झाला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा अभियंता ब्रुनेल याने ७ फुटांहून किंचित जास्त अंतराचे रूळ टाकले होते, तर स्टीफन्सनच्या पद्धतीचे रूळ ४ फूट ८.५ इंचांचे होते. त्या काळी ब्रुनेलचे माप ते ‘ब्रॉड’ आणि स्टीफन्सनचे ते ‘नॅरो’ असे म्हणत. १८४६ च्या गेज कायद्याने स्टीफन्सनच्या मापाला मान्यता दिली आणि १८९२ च्या मे महिन्यात ब्रुनेलचे रूळ कायमचे निघाले. काल ज्याला ‘नॅरो’ म्हणत होते, त्याला आज जग ‘स्टँडर्ड’ म्हणते. मोठा प्रतिस्पर्धी नाहीसा झाला आणि माप तेच राहूनही विशेषण बदलले.

भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली ती ५ फूट ६ इंचांच्या रुळांवरून. हेच आपले ब्रॉडगेज. पुढे खर्च कमी करण्यासाठी १८७० च्या सुमारास एक मीटर अंतराचे मीटरगेज स्वीकारण्यात आले. जागतिक व्याख्येप्रमाणे १४३५ मिलीमीटरपेक्षा कमी ते सर्व ‘नॅरो’. त्या न्यायाने मीटरगेजही नॅरोच. परंतु भारतात मीटरगेजला वेगळे नाव मिळाले आणि ‘नॅरो’ हे विशेषण ७६२ व ६१० मिलीमीटरच्या मार्गांपुरते उरले. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी ६१० मिलीमीटरची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने उभारलेली, १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे ७६२ ची. विदर्भातील यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ही ७६२ ची.

गंमत अशी, की मुंबई, पुणे आणि नागपूर येथील मेट्रो १४३५ मिलीमीटरच्या रुळांवर धावते. भारतीय ब्रॉडगेजपेक्षा हे अंतर २४१ मिलीमीटरने कमी आहे. तरीही मेट्रोला कोणी ‘अरुंद गाडी’ म्हणत नाही. विशेषणे फूटपट्टीवरून ठरत नाहीत; ती शेजारी काय उभे आहे आणि प्रतिष्ठा कोणाला आहे, यावरून ठरतात.

पाचोऱ्याची गाडी

पाचोरा-जामनेर मार्ग सुमारे ५६ किलोमीटरचा. तो १९१८-१९ च्या काळात वाहतुकीस खुला झाला. तेव्हा हा मुलूख पूर्व खानदेश जिल्ह्यात होता. १९०६ मध्ये जुन्या खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. पुढे हा मार्ग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आला. अशा मार्गांसाठी ‘नॅरो’ माप निवडण्याची कारणे व्यवहाराची होती. रूळ हलके, पूल लहान, जमीन कमी आणि वळणे अधिक तीव्र घेता येत असल्याने खोदाई-भराव थोडा. कापूस पिकविणाऱ्या गावांतला माल व माणसे मुख्य मार्गापर्यंत आणून पोहोचविणे एवढेच अशा फाट्यांचे काम होते. त्या कामाच्या मानाने हे माप कमी नव्हते; ते कामाच्या बेताचे होते.

येथेच इंग्रजी विशेषणाचा वर्णनात्मक आणि निर्णयात्मक अर्थ यांतील फरक कळतो. ७६२ मिलीमीटर हे वर्णन आहे. ‘मागासलेले’ हा निर्णय आहे. ‘नॅरो’ या एकाच शब्दात दोन्ही बसत असल्याने एकातून दुसऱ्यात आपण केव्हा घसरलो, हे कळत नाही. शेंदुर्णीहून पाचोऱ्याला येऊन पुढची गाडी पकडणाऱ्या प्रवाशाला रुळांतील अंतराशी कर्तव्य नव्हते. गाडी वेळेवर येते का आणि तिकीट परवडते का, एवढेच त्याचे प्रश्न होते.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, तशी पीजेही थांबली. अन्य मार्गांवरील गाड्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. पीजे मात्र नॅरोगेजच्या रूपात पुन्हा धावली नाही. मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्याचा आणि तो जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर झाला.

या प्रकल्पासाठी मराठीत जो शब्द सर्रास वापरला जातो तो ‘रुंदीकरण’. ‘अरुंद’चे ‘रुंद’ करणे ते रुंदीकरण, हे तर्कशुद्ध वाटते. परंतु हा शब्द रस्त्यांकडून आला आहे. रस्त्याचे रुंदीकरण होते तेव्हा जुना रस्ता राहतो, त्याच्या कडेला भर पडते आणि वाहतूक बहुधा एका बाजूने चालू असते. रुळांचे तसे होत नाही. दोन मापांत ९१४ मिलीमीटरचा, म्हणजे तीन फुटांचा फरक आहे. जुने रूळ थोडे बाजूला सरकवून तो भरून निघत नाही. स्लीपर, रूळ, पूल, फलाट, वळणे, इंजिने, डबे सारेच बदलावे लागते. एक मार्ग संपतो आणि त्याच्या जागी किंवा जवळून दुसरा बांधला जातो. मधल्या काळात गाडी नसते. इंग्रजीतील ‘गेज कन्व्हर्शन’ या संज्ञेत निदान बदलाची कल्पना आहे. ‘रुंदीकरण’ या शब्दात खंड पडणार असल्याची सूचनाच नाही. म्हणून बातमीत ‘गेज रूपांतर’ किंवा ‘नव्या मापाचा मार्ग’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक. त्यामुळे वाचकाला पुढचा प्रश्न सुचतो : जुनी गाडी बंद झाल्यापासून नवी सुरू होईपर्यंत या गावांच्या प्रवासाची सोय काय? ‘रुंदीकरण’ हा शब्द हा प्रश्न सुचूच देत नाही.

ब्रॉडगेज नको, असा याचा अर्थ नव्हे. मुख्य मार्गाशी एकाच मापाने जोडले गेल्यास गाडी बदलावी लागत नाही, माल उतरवून पुन्हा चढवावा लागत नाही, लांब पल्ल्याच्या गाड्या आतपर्यंत येऊ शकतात. हे लाभ खरे आहेत. मात्र ते रुळांच्या एकसारख्या मापाचे लाभ आहेत. नुसत्या रुंदपणाचे नव्हेत. देशभर नॅरोगेजच असते तर हीच सोय नॅरोगेजची ठरली असती.

थोडक्यात

‘नॅरो’चा अनुवाद करताना प्रथम वस्तू पाहावी. वाट, पूल, दार असेल तर अरुंद किंवा चिंचोळे. टोकाकडे कमी होत असेल तर निमुळते. कापड असेल तर कमी पन्ह्याचे. विजय असेल तर निसटता. बहुमत असेल तर काठावरचे. मन असेल तर कोते किंवा संकुचित. कायद्याचा अर्थ असेल तर काटेकोर. परिस्थिती असेल तर ओढगस्तीची. ‘संकीर्ण’ टाळावे. शास्त्रीय संज्ञेत हा शब्द आला तर त्या शास्त्रातील व्याख्या पाहिल्याशिवाय अनुवाद करू नये.

आणि रेल्वे असेल तर ‘नॅरोगेज’ हाच शब्द ठेवावा. ‘अरुंदमापी’ हा प्रतिशब्द कोशात शोभतो. लोकांनी तो घेतला नाही. पाचोरा, शेंदुर्णी, पहूर, जामनेरच्या लोकांनी ‘नॅरोगेज’ शंभर वर्षे वापरून मराठी करून घेतला आहे. त्यांच्या बोलण्यात त्या शब्दाला कमीपणाचा वास नव्हता. ती त्यांच्या गाडीची ओळख होती.